मार्गे रिद्धपूर

आमच्या अमरावतीत हल्ली साधं फिरायला कोणी जात नाही. जो तो बदलून यायला जातो. पूर्वी माणूस काशीला जाऊन आला की घरी मावंदं व्हायचं, चार माणसं जेवायची आणि विषय संपायचा. आता माणूस परत येतो आणि आपण आतून किती बदललो ते सांगतो. जेवायला मात्र बोलवत नाही.

शेजारचा मुलगा पुण्यात इंजिनियर आहे. मागच्या वर्षी तो हिमाचलात एकटाच गेला, स्वतःला शोधायला. त्याची आई कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "मोजे सापडत नाहीत काकू याले घरात. सोता कुठून सापडन?" पोरगा परतला तो दाढी वाढवून, मनगटात मण्यांची माळ घालून. 'चहा घेशील का' असं विचारलं तरी आधी दूर क्षितिजाकडे पाहून मगच 'हो' म्हणायचा. पुढे दाढी गेली, माळ त्याच्या भाचीनं तोडली, आणि तो परत पहिल्यासारखा लगेच 'हो' म्हणायला लागला. आमच्या भिशीतल्या दोघीजणी युरोपला जाऊन आल्या. सहलीच्या कंपनीनं सोबत मराठी आचारी दिला होता. पॅरिस कसं होतं, असं विचारलं तर एक म्हणाली, "वरण जरा पातळ होतं." स्वित्झर्लंडचं पिठलं मात्र दोघींच्या अजून लक्षात आहे.

मी शाळेत मराठी शिकवायची. देशाटनानं चातुर्य येतं, हा सुविचार आम्ही शिक्षक दर वर्षी फळ्यावर लिहायचो, आणि लांब धारणीला बदली होऊ नये म्हणून जिल्हा परिषदेचे जिने झिजवायचो.

तर प्रवासानं माणूस मुळापासून बदलला, याचं आमच्या जिल्ह्यातलं खात्रीचं उदाहरण मला एकच माहीत आहे, आणि तेही तेराव्या शतकातलं. गुजरातेत भडोचला प्रधानाचा मुलगा होता, हरपाळदेव. घरी कशाची कमी नव्हती, म्हणून जुगार खेळायचा. एकदा बराच हरला. देणं फेडायला त्यानं बायकोकडे दागिने मागितले. कमळाइसेनं ते दिले नाहीत. या बाईंचं नाव कथेत जेमतेम येऊन जातं, पण दागिने न देऊन महाराष्ट्राच्या इतिहासावर एवढा परिणाम दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. हरपाळाचं मन संसारातून उडालं. त्यानं रामटेकला रामाच्या दर्शनाला जायचा हट्ट धरला.

वडील नको म्हणाले. मधला मुलूख देवगिरीच्या यादवांचा, आणि यादवांशी वैर. शेवटी पोराच्या हट्टापुढे बापाचं चालेना. मग त्यानं कुठलाही बाप करील तेच केलं, सोबत भरपूर माणसं आणि भरपूर सामान दिलं. हरपाळ निघाला, आणि वाटेत तो लवाजमा टप्प्याटप्प्यानं परत पाठवत गेला. आज हे परत, उद्या ते परत, करता करता एकटाच उरला. असा एकटा चालत तो रिद्धपूरला पोचला. तिथल्या बाजारात रांधलेल्या पदार्थांची ओळ होती, तिला रांधवणहाट म्हणत. त्या ओळीत रिद्धपूरलाच राहणारे संत गोविंदप्रभू भेटले, हातात शेंगुळे. त्यांनी त्यातलं काही प्रसाद म्हणून हरपाळाच्या हातावर ठेवलं, आणि महानुभाव पंथाच्या श्रद्धेप्रमाणे त्या प्रसादासरशी त्याला ज्ञानशक्ती मिळाली. पुढे सातपुड्यात सालबर्डीच्या डोंगरावर बारा वर्षं तप, मग गावोगाव भ्रमण. भडोचचा हरपाळ गेला आणि महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उरले. रामटेक तिथून अजून दीडएकशे किलोमीटर होतं. मुक्कामाच्या ठिकाणाची या सगळ्यात काही गरजच पडली नाही.

ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. मुलं दर वेळी जुगाराचेच प्रश्न विचारत. मला मात्र तो लवाजमा परत पाठवण्याचा भाग फार आवडतो. आमच्या घरात कोणी तो करून दाखवील असं वाटलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या सासूबाईंनी ऐंशी पार केलेली आहे. २०२२ साली सरकारनं पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट केली आणि त्यांची धार्मिक वृत्ती एकाएकी वाढली. "सरकार फुकट नेते तं घरी कायले बसू?" असं म्हणून कौंडण्यपूर झालं, शेगाव झालं, बहिरमची जत्रा झाली. २०२३ साली बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा मीही त्यांच्या पाठोपाठ धार्मिक झाले. पूर्ण तिकिटात राहिले ते फक्त आमचे हे. बसमध्ये कंडक्टर आमच्या बाकाशी येऊन बोट दाखवत म्हणतो, "आजी फुकट, काकू अर्ध्या, काका पूर्ण." दर वेळी यांचा चेहरा पडतो. जन्मभर कमावलं आपण आणि या प्रजासत्ताकात पूर्ण पैसे मोजणारेही आपणच, असं काहीतरी मनात येत असावं. तेही एक परिवर्तनच म्हणायचं, पण त्याला शांती म्हणता येणार नाही.

रिद्धपूरची टूम सासूबाईंचीच. एका लग्नात त्यांना कुणी महानुभाव बाई भेटल्या होत्या. त्या नमस्कार म्हणून 'दंडवत' म्हणाल्या. सासूबाईंना वाटलं आपल्या पाया पडायला वाकतात, म्हणून त्यांनी आशीर्वादाला हात उचलला. तो तसाच राहिला आणि गप्पा मात्र जमल्या. तेव्हापासून रिद्धपूर डोक्यात बसलं होतं.

अमरावतीहून तास-सव्वा तासाचा रस्ता. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. तरी आमचं सामान बघून आगारातला हमाल आशेनं उठून उभा राहिला. मेथीच्या पुऱ्या, लोणचं, दोन थर्मास, सतरंजी, सासूबाईंची उशी, ब्लडप्रेशरचं यंत्र, छत्री (फेब्रुवारी महिना), सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्सची फाइल, आणि पिशवीभर संत्री. मोर्शी तालुक्यात बाहेरून संत्री घेऊन जाणारी ही बहुधा पहिलीच मोहीम असावी. मी तसं म्हटलं तर हे म्हणाले, "तिथली आंबट निघाली तर?"

बस सुटली. सासूबाईंनी नेमाप्रमाणे कंडक्टरला विचारलं, "कोनाचे जी तुमी?" हा त्यांचा प्रत्येकाला पहिला प्रश्न. दारात पोस्टमन येवो की सिलिंडरवाला, आधी गाव, मग आडनाव, मग मामाकुळ, आणि मग पाणी. पाणी कोणत्या पेल्यातून द्यायचं ते या उत्तरांवर ठरतं. आमच्या घरात असा एक वेगळा पेला आहे. तो का वेगळा आहे हे कोणी मोठ्यानं बोलत नाही, आणि तो कोणता हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. कंडक्टर मुरलेला होता. "एसटीचा, आजी," म्हणून पुढे सरकला. खिडकीबाहेर हरभरा सोंगणीला आलेला, कुठे वेचून झालेली पऱ्हाटी, आणि मग संत्र्याच्या बागाच बागा. यांनी मांडीवरची पिशवी बाकाखाली ढकलली.

रिद्धपूर दिसायला चारचौघांसारखंच गाव आहे. किराणा दुकान, मोबाइल रिचार्ज, उन्हात ताणून दिलेली कुत्री. फरक एवढाच, की इथल्या साध्या कोपऱ्यालाही इतिहास आहे आणि तो लिहून ठेवलेला आहे. महानुभावांनी आपल्या अवतारांच्या उठण्याबसण्याच्या जागांचा चोख हिशोब ठेवला. त्यांचं स्थानपोथी नावाचं पुस्तकच आहे: कुठलं देऊळ, कुठल्या दिशेचं दार, त्याच्या कुठल्या अंगाला स्वामी बसले. त्या जागांवर ओटे बांधले आहेत, भाविक त्यावर डोकं ठेवतात. आमचे हे कुठल्याही देवळात गेले की पूर्व कुठली हे आधी ठरवतात, त्यामुळे स्थानपोथीबद्दल ऐकून त्यांना पंथाविषयी एकदम आदर वाटायला लागला.

मग आम्ही राजमठात गेलो. गोविंदप्रभूंचं वास्तव्य इथलं. आणि इथेच बसल्या बसल्या मला ती गंमत जाणवली. हरपाळ भडोचहून चालत आला आणि बदलला, पण ज्यांनी बदलला त्यांचा प्रवास तो काय? जन्मगाव काटसूर, तेही जवळचंच. लहानपणी आईवडील गेले, मामा-मावशीनं रिद्धपूरला आणलं, आणि मग १२८७ च्या सुमारास देह ठेवेपर्यंत जवळजवळ सगळं आयुष्य याच पंचक्रोशीत. गावाबाहेर फारसे गेले नाहीत, पण गावात मात्र अखंड फिरायचे. कुणाच्याही घरात शिरायचे, उतरंडीतलं मडकं उघडून बघायचे, आवडलं तर खायचे. मुलांशी खेळायचे, रुसायचे, रागवायचे. महारा-मांगांच्या घरी जायचे, तिथलंही खायचे, आणि त्यावरून गावात व्हायची ती कुरबुर व्हायचीच. लोक त्यांना वेडा म्हणत आणि आईबापही म्हणत, पुष्कळदा एकाच दिवशी. आमच्या कॉलनीत असं कोणी फिरायला लागलं तर दुपारच्या आत वॉट्सअॅपवर फोटो फिरेल आणि खाली कोणीतरी लिहील, गेट बंद ठेवत जा.

एकदा त्यांनी आपलं लग्न लावा म्हणून धरलं. भक्तांनी लटकं लग्न मांडलं. लग्न म्हटलं की गाणी हवीत, म्हणून त्या भक्तांमधलीच महदाइसा गायला बसली. त्या प्रसंगी तिनं रचलेले धवळे आज मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना म्हणून अभ्यासाला असतात. मराठी कवयित्रींची परंपरा अशी लग्नघरात सुरू झाली. नवरदेव संन्यस्त, लग्न खोटं, गाणी तेवढी खरी. आमच्याकडे अलीकडे लग्नं खरी असतात आणि डीजेमुळे गाणं काय आहे ते कळत नाही.

म्हाइंभटाची गोष्टही अशीच. सराळ्याचा हा श्रीमंत पंडित चक्रधरांना वादात हरवायला गेला होता. हरला, आणि त्यांचाच झाला. स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर तो गावोगाव हिंडला, ज्याला ज्याला स्वामी भेटले होते त्याला त्याला गाठून, काय म्हणाले, केव्हा म्हणाले, कुठे बसून म्हणाले, हे विचारत. त्यातून रिद्धपूरला, वाजेश्वरीच्या देवळात, १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र आकाराला आलं, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. बोलायला म्हणून घराबाहेर पडलेला माणूस आयुष्यभर ऐकत राहिला. हे मी यांना मुद्दाम सावकाश सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण माझं म्हणणं काय आहे..."

चक्रधरांचे प्रवासाचे नियमही आमच्या सहलीच्या कंपन्यांना न परवडणारे. सतत चालत राहा, गावाशी आणि माणसाशी ओढ जडू देऊ नका, भिक्षेत पडेल ते खा, एकांतात झाडाखाली राहा. पिठल्याचा उल्लेख कुठेही नाही. आणि कानडदेशी, तेलंगदेशी जाऊ नका, महाराष्ट्रातच राहा. अनुयायांनी हे ऐकलं, आणि काही पिढ्यांनी तेच पोथ्या घेऊन पंजाबात पोचले, पुढे पेशावर आणि काबूलपर्यंत गेले. उत्तरेकडे जाऊ नका, असं स्वामी म्हणाले नव्हते. पंजाबात त्यांना जयकृष्णी म्हणतात. घरी बोलणं पंजाबी आणि धर्मग्रंथ मराठी, तेही साडेसातशे वर्षांपूर्वीचं मराठी.

या रिद्धपूरनं आणखी एक लांबचा माणूस ओढून आणला. अॅन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीनं गोविंदप्रभूंच्या लीळांचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९८४ साली ऑक्सफर्डनं छापला. म्हणजे या गावातलं कुठलं मडकं कधी उघडलं गेलं हे न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात माहीत आहे. आमच्या स्टाफरूममध्ये 'रिद्धपूर' म्हटलं की, 'निवडणुकीची ड्युटी लागली का?' असं विचारत. आता मात्र इथे मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, २०२४ पासून. चहाच्या टपरीवाल्याला त्याचं कौतुक होतं. "बाहीरगावचे पोट्टे येतात मराठी शिकाले," तो म्हणाला. "मी म्हनलं, चहा कडक पाह्यजे का मुळमुळीत? तं एक पोट्टा वहीत लिवून घेऊन राह्यला ना बाप्पा!"

आम्ही चहा पिऊन परत आलो तर सासूबाई राजमठाच्या ओसरीत पंजाबातून आलेल्या यात्रेकरू बायकांच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांचं हिंदी मालिकांपुरतं, त्यामुळे 'ये शादी नहीं हो सकती' या धर्तीचं. समोरची आजी थोडं हिंदी बोलत होती आणि मधूनच पोथीतलं जुनं मराठी घडाघडा म्हणत होती. सासूबाई मला बाजूला ओढून म्हणाल्या, "हे बाई पंजाबी बोलते तं समजत नाई, आन मराठी बोलते तं त्याहून समजत नाई. पन मानूस चांगली हाये." मी विचारलं, "कोणाच्या त्या? विचारलंत का?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "राह्यलं वं," म्हणाल्या.

शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "तुमी जा. मी थांबतो इथंच काही दिवस, या बायांसंगं. येतो मंग एसटीनं."

यांच्या पायाखालची जमीन सरकली. "आई, गोळ्या?"

"बांधून आनल्या."

"प्रेशर कोण बघेल?"

"तू बाजूले नसला का तेवढंच कमी असते माह्यं, बापू."

त्यांनी उशी परत दिली, थर्मास परत दिले, प्रेशरचं यंत्र परत दिलं. सतरंजी पंजाबी आजीकडे होतीच. पुऱ्या तेवढ्या ठेवून घेतल्या, वाटायला. हे आधारच्या झेरॉक्स तरी ठेव म्हणून हातापाया पडले, तर म्हणाल्या, "मले सारे वळखतात इथं आता." आम्ही दोघं सगळं बोचकं उचलून बसमध्ये चढलो. बस सुटल्यावर बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की भडोचच्या गोष्टीत आपणही आहोत, आणि आपली जागा परत पाठवलेल्यांमध्ये आहे. प्रधानाच्या त्या नोकरांचं पुढे काय झालं, याची नोंद नाही. मोकळ्या हातानं भडोचला जाऊन मालकाला काय सांगितलं असेल बिचाऱ्यांनी? आम्हाला आता नणंदेला फोनवर तेच सांगायचं होतं. हे संत्री सोलायला लागले. गोड होती, पण त्यांचा आनंद घेण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

काही दिवसांनी सासूबाई आल्या त्या एकट्या, चालत्या बसमधून उतरल्यासारख्या ताज्या. नणंद मुद्दाम बघायला आली होती, आईत काय बदल झाला म्हणून. पहिल्या तासात काही दिसलं नाही. भाजीत मीठ कमी होतं, पंखा जोरात होता, मी वाळवलेला गहू चुकीच्या गच्चीवर होता. नणंद समाधानानं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. त्यावरचं पोरगं दारात आलं आणि त्यानं पाणी मागितलं. सासूबाईंनी त्याला ओसरीत खुर्चीवर बसवलं. रोजच्या स्टीलच्या पेल्यातून, ज्यातून हे पितात त्याच्यातून, पाणी दिलं. मग बशीत दोन पुऱ्या आणि लोणचं. ते खाईस्तोवर समोर बसून राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून वाट बघत होते, आता विचारतील, मग विचारतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, "लोनचं खारट हाये का रे?" पोरगं म्हणालं, "थोडं." त्यावर त्या माझ्या दिशेनं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "पाह्य, मी सांगून राह्यली होती का नाई!"

परवा त्यांनी सालबर्डीचं काढलं. मोर्शीहून गाडी मिळते, वर गुहेत महादेव आहे, आणि चक्रधरस्वामी तिथे बारा वर्षं होते हे त्यांना पंजाबच्या आजीनं सांगितलेलं. हे लगबगीनं उठले, घरातली दुसरी सतरंजी झटकायला लागले.

"तुमी नोका येऊ," सासूबाई म्हणाल्या.

"अगं आई, डोंगर आहे तो. चढशील कशी एकटी?"

"चढीन हळूहळू. बारा वर्सं थोडीच राह्याचं हाये?" मग जरा मऊ आवाजात, मुलाची समजूत घालत म्हणाल्या, "तसं नाई रे बापू. मी फुकट जातो. तुह्यं पूर्न तिकीट कायले भराचं?"